मारेकरी ढेकणाची नवी प्रजाती कशी ठरते? पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगड, ताम्हिणी अशा ठिकाणांहून फोटो येऊ लागतात. पानावर किंवा दगडाखाली बसलेला, लांबट डोक्याचा, वाकड्या सोंडेचा एक कीटक आणि खाली प्रश्न: ही नवी प्रजाती आहे का? विचारणाऱ्यांत शाळकरी मुलं असतात, एम.एस्सी.चे विद्यार्थी असतात, निवृत्तीनंतर कॅमेरा हाती घेतलेले काका-काकू असतात. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं एकत्र केली आहेत. प्रजाती हा शब्द इथे स्पीशीज या अर्थाने आणि वंश हा जीनस या अर्थाने वापरला आहे.

मारेकरी ढेकूण म्हणजे नेमका कोण?

रेड्युव्हिडी कुळातला कीटक. हे कुळ १८०७ साली लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने मांडलं. जगभरात त्याच्या सुमारे ७,००० प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. गादीतला ढेकूणही याच अर्धपंखी गणातला, पण त्याचं कुळ वेगळं. आपले मारेकरी ढेकूण बहुतांशी इतर कीटकांची शिकार करून जगतात. सोंड खुपसून विषारी लाळ भक्ष्याच्या अंगात सोडायची, ते लुळं पडलं आणि आतला ऐवज विरघळला की शोषून घ्यायचा, अशी त्यांची रीत.

ओळखायला सोपं आहे. डोळ्यांच्या मागे डोकं मानेसारखं चिंचोळं होतं. दोन डोळ्यांमध्ये एक आडवी खाच असते. सोंड आखूड, बहुतेकांत तीन खंडांची, आणि खाली वळलेली. तिचं टोक पुढच्या पायांमधल्या एका पन्हळीत टेकतं. त्या पन्हळीत बारीक आडव्या रेघा असतात आणि त्यावर सोंड घासून हे कीटक चिरचिर आवाज काढतात. चिमट्यात धरलेला ढेकूण कानाजवळ नेला तर तो ऐकूही येतो.

पुण्यात ते कुठे सापडतात?

जवळपास सगळीकडे. प्रत्येक उपकुळाची जागा मात्र ठरलेली, आणि जागा पाहूनच ओळखीला सुरुवात होते.

झुडपांवर, फुलांवर, पिकांवर उघड्यावर हिंडणारे लाल-काळे ढेकूण बहुधा हार्पॅक्टोरिनी उपकुळातले. ऱ्हायनोकोरिस मार्जिनेटस आणि ऱ्हायनोकोरिस फुस्किपेस या त्यातल्या दोन नेहमीच्या प्रजाती. टेकडीवरचा दगड उचलला की खालून झपाट्याने पळणारा काळा किंवा काळा-पिवळा ढेकूण पायरॅटिनी उपकुळातला असण्याची शक्यता मोठी. याच्या प्रोनोटमवरची, म्हणजे डोक्यामागच्या ढालीवरची आडवी खाच मध्याच्या मागे असते, त्यामुळे ढालीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब दिसतो. ही खूण पाठ करून ठेवावी. मुळशी-ताम्हिणीच्या पालापाचोळ्यात वाणी, म्हणजे काही जण ज्याला पैसा किडा म्हणतात तो, भरपूर असतो. त्याच्यावर जगणारं एक्ट्रिकोडिनी हे उपकुळही तिथेच सापडतं. यांच्या पाठीवरच्या त्रिकोणी पट्टीला, स्क्युटेलमला, मागे दोन टोकं असतात. दिव्यावर येणारे मातकट, लांबोडके ढेकूण बहुतेक वेळा स्टेनोपोडेनी उपकुळातले. जुन्या वाड्याच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्याशेजारी दोऱ्यासारख्या पायांचा, डासासारखा भासणारा कीटक दिसला तर त्याचे पुढचे पाय बघा. ते पकडीचे, प्रार्थनाकीटकाच्या वळणाचे असतील, तर तो एमेसिनी उपकुळातला.

नेटवर फोटो शोधले, कुठेच जुळत नाही. मग नवी प्रजातीच ना?

शक्यता आहे, पण न जुळण्याची दुसरी कारणं कितीतरी जास्त वेळा खरी ठरतात. ती नीट समजून घेतली तर पुढची सगळी उत्तरं सोपी जातील.

पहिलं कारण वय. हे कीटक अंड्यातून बाहेर आल्यावर पाच वेळा कात टाकतात आणि मगच प्रौढ होतात. पिल्लाला पूर्ण पंख नसतात, रंगही पुष्कळदा निराळा असतो. अ‍ॅकॅन्थॅस्पिस वंशातली पिल्लं अंगावर माती आणि खाल्लेल्या मुंग्यांची कलेवरं चिकटवून फिरतात, तेव्हा खाली कीटक आहे हेसुद्धा चटकन कळत नाही. पिल्लावरून प्रजाती ठरवणं तज्ज्ञालाही अवघड जातं, आणि नव्या प्रजातीच्या वर्णनासाठी तर प्रौढच हवा.

दुसरं कारण रंग. ऱ्हायनोकोरिस मार्जिनेटस या एकाच प्रजातीत काळे, लाल आणि लाल-काळे असे तीन रंगप्रकार आढळतात. तिघांचे फोटो शेजारी ठेवले तर कोणीही तीन प्रजाती म्हणेल. ते एकमेकांत जुळतात आणि त्यांना पिल्लं होतात. रंगावर भरवसा ठेवून भूतकाळात जेवढी नावं दिली गेली, त्यातली कैक नंतर रद्द झाली.

तिसरं कारण नर-मादीतला फरक. एक्ट्रिकोडिनी उपकुळात अनेक ठिकाणी नराला लांब पंख आणि मादीला नुसती खुंटं, किंवा तीही नाहीत. काही प्रजातींत एकाच लिंगाचेही लांबपंखी आणि आखूडपंखी असे दोन प्रकार असतात.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं: भारतातल्या कितीतरी प्रजातींचा चांगला रंगीत फोटो आजवर कुठेच प्रसिद्ध झालेला नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातले ४६४ मारेकरी ढेकूण १४४ वंशांत विभागून दिले आहेत. त्यातल्या पुष्कळांची माहिती म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रजी किंवा लॅटिन परिच्छेद, आणि परदेशातल्या संग्रहालयात टाचलेला एखादा नमुना. नेटवर न सापडणारा कीटक शास्त्राला ठाऊक असू शकतो, तो फक्त कॅमेऱ्यासमोर आलेला नसतो. असा विसरलेला कीटक शंभर वर्षांनी पुन्हा सापडणं मला नव्या प्रजातीइतकंच मोलाचं वाटतं.

मग ‘नवी’ हे ठरतं तरी कसं?

‘नवी’ म्हणजे आजवर नाव न मिळालेली. त्यामुळे काम उलट्या दिशेने चालतं: आधी नाव असलेल्या प्रत्येक प्रजातीशी ताडून पाहायचं आणि एकही जुळत नाही हे दाखवायचं. पुरावा द्यायची जबाबदारी नवी म्हणणाऱ्याची.

समजा ताम्हिणीत रात्री दिवा लावून टांगलेल्या चादरीवर एक ढेकूण आला. सूक्ष्मदर्शकाखाली आधी उपकुळ ठरतं. साधे डोळे (मोठ्या डोळ्यांखेरीजचे, ठिपक्यासारखे) आहेत की नाहीत, पंखाच्या पातळ भागात किती बंद घरं आहेत आणि कोणत्या आकाराची, नडगीच्या टोकाशी पकडीसाठी स्पंजासारखी गादी आहे का, हे बघावं लागतं. मग किल्ली वापरून वंश ठरतो. किल्ली म्हणजे दोन-दोन पर्यायांची साखळी: ‘शृंगिकेचा (मिशीचा) पहिला खंड डोक्यापेक्षा लांब असेल तर पुढे, नसेल तर इकडे’. जुन्या किल्ल्या अपुऱ्या असतात, कारण त्या लिहिल्यानंतर वंशात प्रजातींची भर पडलेली असते.

खरा डोंगर इथून पुढे. त्या वंशातल्या सगळ्या प्रजातींची यादी करायची. फक्त महाराष्ट्रातल्या किंवा भारतातल्या घेऊन भागत नाही. श्रीलंका, म्यानमार, चीनचा दक्षिण भाग, मलाया इथल्याही पाहाव्या लागतात, कारण कीटकाला सरहद्द ठाऊक नसते. १९९० साली माल्दोनादो काप्रिलेस यांनी जगातल्या रेड्युव्हिडींची सूची प्रसिद्ध केली. ती इथे हाताशी हवी आणि त्यानंतरचं सगळं स्वतः शोधायचं. मग प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन मिळवून वाचायचं. ते लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, कशातही असेल.

एवढं करून दोन-तीन जवळच्या प्रजाती उरतात. त्यांच्या बाबतीत शब्दांवर थांबता येत नाही, मूळ नमुना किंवा त्याचे चांगले फोटो पाहायलाच हवेत. आणि शेवटी नराची जननेंद्रियं. पोटाच्या टोकाचा भाग काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साधारण १० टक्के द्रावणात गरम करतात. मऊ भाग विरघळतात आणि कडक भाग स्वच्छ दिसू लागतात. त्यातल्या पॅरामियर नावाच्या, हुकासारख्या दोन अवयवांचा आणि शिश्नावरच्या काट्यांचा आकार बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या प्रजातींनाही वेगळं काढतो. काढलेला भाग फेकत नाहीत. ग्लिसरीनच्या चिमुकल्या कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावून ठेवतात.

एकच नमुना हाती असेल तर मी थांबायचा सल्ला देतो. प्राण्यांना नावं देण्याचे नियम सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार एका नमुन्यावरही प्रजाती मांडता येते आणि दुर्मीळ वंशात ते कधी अटळ असतं. पण त्या एका जिवातलं कोणतं वैशिष्ट्य प्रजातीचं आणि कोणतं त्याचं स्वतःचं, हे कळायला शेजारी दुसरे लागतात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच जागी जावं.

जाणकार सारखं डिस्टंटचं नाव घेतात. हे कोण?

विल्यम लुकस डिस्टंट (१८४५–१९२२), इंग्रज कीटकशास्त्रज्ञ. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेतले ऱ्हिंकोटावरचे (अर्धपंखी गणाचं जुनं नाव) सातही खंड त्यांचे. ते १९०२ ते १९१८ या काळात निघाले. मारेकरी ढेकूण मुख्यतः १९०४ च्या दुसऱ्या खंडात आहेत, पुरवणी १९१० च्या पाचव्या खंडात. हे खंड आज बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पुण्यात बसून काम करणाऱ्याला हे मिळालेलं वरदान आहे. पंचवीस वर्षांपूर्वी त्यातल्या एका पानाच्या झेरॉक्ससाठी ओळखीपाळखी लावाव्या लागत.

त्यांचा आवाका अफाट होता, पण वर्णनं त्रोटक आहेत. रंग, ठिपके, लांबी मिलिमीटरमध्ये, आणि बास. जननेंद्रियांचा उल्लेख नाही, कारण तेव्हा ती पाहण्याची प्रथा नव्हती. ठिकाण म्हणून कधी नुसतं ‘बॉम्बे’. ते शहर की सगळा इलाखा, हे वर्णनावरून कळत नाही. त्यामुळे डिस्टंटच्या प्रजातींचं आजच्या पद्धतीने पुनर्वर्णन करणं हे स्वतंत्र आणि मोठं काम आहे. विद्यार्थ्यांनी नव्या प्रजातीच्या मागे लागण्याआधी असं एक तरी पुनर्वर्णन करावं, असं मी आग्रहाने सांगतो. तुलना कशी करायची ते हाताला कळतं, आणि पुढच्या माणसाची वाट खरोखर सोपी होते.

त्यांच्याआधीचे दोघे विसरू नयेत. सजीवांच्या दोन शब्दी नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसचा शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिसिअस याने ऱ्हायनोकोरिस फुस्किपेस १७८७ साली आणि मार्जिनेटस १७९४ साली वर्णिली. स्वीडनच्या कार्ल स्टॉलने एकोणिसाव्या शतकात या कुळाची घडी बसवली. भारतीयांनी केलेली कामंही आहेत. अँब्रोज आणि लिव्हिंगस्टन यांनी १९८६ मध्ये वर्णिलेली ऱ्हायनोकोरिस कुमारी हे त्याचं एक उदाहरण.

होलोटाइप म्हणजे काय? तो घरी ठेवता येतो का?

नवी प्रजाती मांडताना एक नमुना निवडून जाहीर करावा लागतो: हे नाव या नमुन्याचं. तो होलोटाइप. पुढे कधीही शंका आली, तर शेवटचा शब्द त्याचा. वर्णनात चूक असेल तरी नमुना खरं सांगतो. त्याच मालिकेतल्या इतर नमुन्यांना पॅराटाइप म्हणतात. मारेकरी ढेकणांत शक्यतो नर होलोटाइप करतात, कारण ओळखीच्या खुणा त्याच्या जननेंद्रियांत असतात.

घरी ठेवू नये. मुंग्या, बुरशी, पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा आणि घर बदलताना हरवणाऱ्या पेट्या यांपुढे कुणाचं चालत नाही. १९९९ नंतर मांडलेल्या प्रजातींसाठी होलोटाइप स्पष्ट जाहीर करणं आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा जाईल हे लेखात लिहिणं बंधनकारक आहे. शिवाय २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार भारतात नवीन प्रजाती सापडली तर नेमून दिलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुने जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, स्थापना १९१६, मुख्यालय कोलकाता. तिचं पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे, सध्या आकुर्डीला. म्हणजे आपल्याला लोकलने जाऊन नमुना देता येतो. देशातल्या फार थोड्या शहरांना ही सोय आहे.

नुसत्या फोटोवरून प्रजाती वर्णन केली तर चालत नाही का?

संहितेने दार पूर्ण बंद केलेलं नाही, पण नमुना जतन का केला नाही याचं समर्थन द्यावं, अशी अपेक्षा आहे. मारेकरी ढेकणांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: करू नये. फोटोत पॅरामियर दिसत नाहीत, सोंडेच्या खंडांचं माप घेता येत नाही, पायाखालची बाजू दिसत नाही. उद्या तिथेच दुसरी जवळची प्रजाती सापडली तर कोणतं नाव कोणाचं हे कधीच सांगता येणार नाही.

फोटोंचं मोल याने कमी होत नाही. जिवंत रंग, भक्ष्य, अंडी घालण्याची जागा, वर्षातला काळ ही माहिती टाचणीवरच्या नमुन्यात नसते. ती फोटोंतूनच येते.

मग त्यांना मारावंच लागतं?

हो. हा प्रश्न विचारणाऱ्याची मला कदर वाटते, म्हणून सरळ उत्तर देतो. नमुन्याशिवाय हे काम होत नाही. कीटक इथिल अ‍ॅसिटेटच्या बाटलीत लवकर मरतो. डीएनए हवा असेल तर एखादा नमुना थेट तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवतात.

पण आपण किती घेतो आणि त्याचं काय करतो, याची जबाबदारी आपली. ज्यांची ओळख जागेवरच पटते ते घेऊ नयेत. मोजके घ्यावेत. अंड्यांवर बसलेली किंवा अंडी घालत असलेली मादी सोडावी. आणि घेतलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी हवी. ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि कुठे सापडला (दगडाखाली, दिव्यावर, कोणत्या झाडावर) हे त्यावर हवं. चिठ्ठी नसलेला नमुना शास्त्राच्या उपयोगाचा राहत नाही, त्याचा जीव फुकट गेला असं मी मानतो.

डीएनए तपासला तर लगेच कळणार नाही का?

मदत होते, निकाल लागत नाही. कीटकांत सहसा सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि डेटाबेसमधल्या नोंदींशी जुळवतात. जुळवायला आधी नोंद हवी. भारतीय मारेकरी ढेकणांच्या बहुसंख्य प्रजातींची अशी नोंदच नाही, आणि ज्या आहेत त्यातल्या काहींवरची नावं ठोकून दिलेली असतात. ‘जुळत नाही’ असा निकाल आला तर त्याचा अर्थ ‘डेटाबेसमध्ये नाही’ एवढाच.

जिथे डीएनए खरोखर कामाचा आहे ती जागा वेगळी. बिनपंखी मादी आणि पंखवाला नर एकाच प्रजातीचे आहेत का, हे पिल्लू कोणाचं, हे तीन रंग एकाच घरातले का, असे प्रश्न त्याने सुटतात. वर्गीकरणाच्या वरच्या पायऱ्यांवरही त्याने खळबळ उडवली. रेड्युव्हिनी हे मोठं उपकुळ एका पूर्वजाचं नाही, निरनिराळ्या शाखा त्यात एकत्र कोंबल्या गेल्या आहेत, हे अशाच अभ्यासांतून पुढे आलं.

पिल्लू सापडलं तर ते वाढवून पाहू का?

जरूर. घरी करता येण्यासारखं आणि संशोधनाला थेट उपयोगी पडणारं याहून चांगलं काम नाही. प्लॅस्टिकच्या डब्याला झाकणात बारीक भोकं पाडा, तळाला टिश्यू, चढायला काडी, आणि ओलाव्यासाठी कापसाचा बोळा ठेवा. एका डब्यात एकच पिल्लू, नाहीतर ती एकमेकांना खातात. भक्ष्य त्याच्या आकारापेक्षा लहान द्या. पाचवी कात टाकल्यावर पंख येतात. टाकलेल्या कातीही तारीख घालून ठेवा. कोणत्या पिल्लाचा कोणता प्रौढ, ही माहिती कित्येक भारतीय प्रजातींची आजही नाही. वाणी खाणाऱ्या प्रजातींना दुसरं भक्ष्य चालेलच असं नाही, तेव्हा त्यांच्यासाठी वाणीच आणावी लागते.

वर्णनात काय काय लिहितात?

सुरुवात निदानापासून: जवळच्या प्रजातींपासून ही कोणत्या खुणांनी वेगळी, ते थोडक्यात. संहिता मागते ती किमान गोष्ट हीच, वेगळेपण शब्दांत सांगणं. त्यानंतर डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत सविस्तर वर्णन, रंग, पृष्ठभागावरचे केस आणि खळगे, शृंगिका-सोंड-पाय यांच्या प्रत्येक खंडाची मापं, जननेंद्रियांची चित्रं, तपासलेल्या नमुन्यांची यादी, अधिवास, नावामागचं कारण. चांगला लेखक वंशाची सुधारलेली किल्लीही देतो. मला विचाराल तर लेखाचा सर्वांत उपयोगी भाग तोच.

नाव कोण ठेवतं? मराठी नाव चालतं का?

वर्णन करणारा ठेवतो. नाव लॅटिन लिपीत लिहावं लागतं, मात्र शब्द कोणत्याही भाषेतला चालतो. अ‍ॅकॅन्थॅस्पिस सिवा, लिन्शकॉस्टिअस काली ही आपल्याकडच्या मारेकरी ढेकणांचीच नावं. ठिकाणावरून, रूपावरून, एखाद्या व्यक्तीच्या सन्मानार्थ, कसंही ठेवता येतं. विशेषण असेल तर त्याचं लिंग वंशनामाशी जुळवावं लागतं. पुरुषाच्या नावापुढे सहसा ‘आय’ आणि स्त्रीच्या नावापुढे ‘एई’ ही अक्षरं लागतात.

स्वतःचं नाव ठेवायला नियमाने बंदी नाही, पण तसं कोणी करत नाही आणि करूही नये. ज्याने नमुना शोधून दिला, ज्या गावकऱ्याने रस्ता दाखवला, त्यांची नावं पुष्कळ शोभतात. माझी पसंती गडांना आणि घाटांना. नाव वाचूनच पुढच्या माणसाला कळतं, शोधायला कुठे जायचं.

नाव अधिकृत कधी होतं? वर्तमानपत्रात बातमी आल्यावर?

नाही. नाव ग्राह्य धरलं जातं ते प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रसिद्ध झाल्यावर. सध्याची चौथी आवृत्ती २००० सालापासून लागू आहे, आणि नावांची गणना १७५८ पासून, लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीपासून होते. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांना २०१२ पासून मान्यता आहे, पण लेखाची झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी हवी आणि ती झाल्याचा पुरावा लेखातच हवा. झूटॅक्सा, झूकीज, कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा ही नेहमीची ठिकाणं. बातमी लेख छापून आल्यावरच द्यावी. आधी दिली आणि त्यात नाव फुटलं तर नसता घोळ होतो.

पुढे कळलं की ही प्रजाती आधीच कोणीतरी वर्णिली होती, तर?

तर जुनं नाव टिकतं आणि नवं त्याचा समानार्थी म्हणून यादीत जातं. अग्रक्रमाचा नियम आहे तसा. यात नामुष्की मानायचं कारण नाही. नमुने, मोजमापं, चित्रं वाया जात नाहीत, जुन्या नावाखाली ती वापरली जातात.

गोळा करायला परवानगी लागते का?

अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात आणि वनजमिनीवर लागते, वनखात्याची. भीमाशंकर अभयारण्य आहे हे लक्षात ठेवा. पुण्यातल्या टेकड्यांचे बरेच भागही वनखात्याकडे आहेत. खासगी शेतात मालकाला विचारा. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचे असतील तर जैविक विविधता कायद्याचे नियम लागू होतात, परस्पर कुरिअर करू नका. बहुतेक वेळा चांगले फोटो पाठवून काम भागतं.

ते चावतात का? यांच्यामुळे रोग होतो असं वाचलंय.

हातात दाबून धरलं तर डंख करतात आणि तो चांगलाच झोंबतो. साबणपाण्याने धुवा, बर्फ लावा. सूज पसरली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडे जा. कीटक उचलताना चिमटा किंवा डबी वापरा.

रोगाची गोष्ट ट्रायाटोमिनी या रक्त पिणाऱ्या उपकुळाची. कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये शोधलेला चागास रोग अमेरिका खंडातला आहे, आणि तो डंखातून नव्हे तर या ढेकणांच्या विष्ठेतून पसरतो. भारतात ट्रायाटोमा रुब्रोफॅसिएटा ही उंदरांच्या सोबतीने राहणारी प्रजाती आढळते. त्याशिवाय लिन्शकॉस्टिअस हा आख्खा वंश फक्त भारतात आहे. त्याच्या सहा प्रजाती, पहिली डिस्टंटने १९०४ मध्ये वर्णिलेली, सहावी २००२ मधली. टेकडीवर दिसणाऱ्या शिकारी ढेकणांचा चागासशी संबंध नाही.

शेतकऱ्याला याचा काय फायदा?

ऱ्हायनोकोरिस वंशातले ढेकूण घाटे अळी आणि तंबाखूवरची पाने खाणारी अळी फस्त करतात. ते प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडण्यावर दक्षिण भारतात बरंच काम झालं आहे. पण कोणती प्रजाती कोणती अळी खाते हे सांगायला आधी प्रजाती अचूक ओळखता यावी लागते. तुरीवर लाल-काळा ढेकूण दिसला की त्याला कीड समजून फवारणी करू नका, आधी सोंड बघा. आखूड आणि वाकडी असेल तर तो तुमच्या बाजूचा आहे.

माझ्याकडे पदवी नाही. हे काम जमेल का?

संहिता पदवी विचारत नाही. साधा स्टीरिओ सूक्ष्मदर्शक, कीटकांच्या टाचण्या, बारीक चिमटे, घट्ट झाकणाची पेटी एवढ्यावर सुरुवात होते. ढेकणाला टाचणी स्क्युटेलममधून, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे मारतात, म्हणजे मध्यावरच्या खुणा शाबूत राहतात. अडतं ते चिकाटीपाशी आणि मार्गदर्शनापाशी. पुण्यात महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र आणि जैवविविधता विभाग आहेत, विद्यापीठ आहे, आकुर्डीचं केंद्र आहे. एकट्याने प्रजाती जाहीर करण्यापेक्षा अनुभवी माणसाला बरोबर घ्या.

आज एखादा वेगळा ढेकूण दिसला तर लगेच काय करू?

वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. सोंड आणि डोकं बाजूच्या फोटोत स्पष्ट यायला हवं. पंख उघडे असतील तर त्यावरच्या शिरा टिपा. तो काय खात होता, किती वाजले होते, जागा कोणती, हे त्याच क्षणी मोबाइलमध्ये लिहा. जीपीएस चालू ठेवा. नमुना घ्यायची परवानगी असेल तर डबीत घ्या आणि पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. परवानगी नसेल तर दगड होता तसाच परत ठेवा आणि फोटो, तारीख व ठिकाण जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा.